तांताचे फुटाणे

नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं, मुलगा शिकायला मेलबर्नला. त्यामुळे ऑफिसात इजिप्तच्या दौऱ्याचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावाचून घरी कोणाचं अडणार नव्हतं. सूत खरेदी करणाऱ्या आमच्या सिंगापूरच्या कंपनीत मी माल तपासायचे. तांता नावाच्या शहरातल्या गिरणीचं सूत पाहून यायचं होतं.

सूत चांगलं निघालं. शेवटच्या दुपारी गिरणीतली सुपरवायझर, माझ्याच वयाची, मला तिथल्या मोठ्या दर्ग्याकडे घेऊन गेली. बाहेर फुटाण्यांची दुकानंच दुकानं. तिने मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. मी सवयीने कपाळाला लावले आणि तोंडात टाकले. बाई खूश.

"आता घरच्यांसाठी घे," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "इथून रिकाम्या हाताने परतायचं नसतं. घरी कोण कोण?"

"मी एकटीच. मूठभर पुरेत."

तिने दुकानदाराला काहीतरी सांगितलं. तो पिशवी भरतच राहिला.

"एवढे कोण खाणार?"

"एकटी ना तू? मग दारोदार वाटावे लागतील. घरात माणसं असती तर तिथेच संपले असते."

सिंगापूरला परतल्यावर क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये पिशवी आठवडाभर ओट्यावर पडून होती. प्रसाद टाकवत नव्हता, एकटीने संपवणंही बरं नव्हे. ऑफिसच्या पॅन्ट्रीत ठेवता आली असती, पण ते काही वाटणं नव्हे. द्यायचे तर कोणाला? मजल्यावरच्या ओळखी सगळ्या नवऱ्याच्या. लिफ्टमध्ये तो बोलायचा, मी बटण दाबायचे.

शनिवारी सकाळी डबा भरला आणि समोरची बेल वाजवली. लोखंडी जाळीच्या दाराआड चिनी आजी आली.

"तू इथेच आहेस? मला वाटलं, फ्लॅट विकून गेलात. तुझा नवरा दिसत नाही."

"तो वारला."

"आयो! कधी?"

"गेल्या वर्षी."

तिने जाळीतून बोटं घालून एक फुटाणा उचलला, दाबून पाहिला. "कडक आहे लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. "मला दात कुठे आहेत?" तरी तिने जाळी उघडून डबा घेतला. "भिजवून खाईन."

दार लागलं. पिशवीत अजून बरेच होते. घरातून दुसरा डबा भरून आणला आणि शेजारच्या दाराशी गेले. तिथे कोण राहतं, मला माहीत नव्हतं.