गार्डसाहेबांचा मका

मेलेली अळी दाखवायला लोकांना चहाला बोलावणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच असेल, आणि त्याच्या बांधाला माझा बांध लागून आहे. पूर्णेला रेल्वेत गार्डची नोकरी संपवून हे गृहस्थ बायकोसह वालूरला वडिलांच्या शेतावर राहायला आले. पुढं बाई वारल्या. तेव्हापासून पुण्याच्या मुलानं धोशा लावला होता, शेत विका आणि इकडं या. गार्डसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "एवढा मका निघू दे."

त्या मक्यावर लष्करी अळी पडली. पानांची चाळणी झाली, शेंड्याच्या कोवळ्या पोंग्यांत लाकडाच्या भुशासारखी घाण साचली. दुकानदार म्हणाला, "साहेब, कडक औषध मारा, सकाळपर्यंत साफ." गार्डसाहेबांनी मात्र दोन जैविक औषधं उचलली, एक जिवाणूचं आणि एक बुरशीचं. जिवाणू पोटात गेला की अळीचं खाणं सुटतं, आणि अशा मरगळलेल्या अळीला बुरशी लवकर गाठते, हे त्यांनी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावलं. "लय दिवस लागतील साहेब," दुकानदार म्हणाला. "लागू दे की. मला कुठं ड्यूटीवर जायचंय?"

उन्हात ही औषधं टिकत नाहीत, म्हणून फवारणी दिवस कलल्यावर. पंप पाठीवर घेतला की साहेब आधी रेल्वेची शिट्टी फुंकायचे. मी विचारलं, "अळीला ऐकू येतं का?" ते शांतपणे म्हणाले, "अळीला न्हाई, सर. शिवारात कुणी असलं तर त्याला कळतंय, मी हाय इथं."

एका तुकड्यात नुसता जिवाणू, दुसऱ्यात नुसती बुरशी आणि बाकी रानात दोन्ही मिळून, असा त्यांचा प्रयोग होता. मधोमध खुर्ची टाकून ते बसत आणि वाटेनं जाणाऱ्याला हाका मारत. मी एकदा दोरी मागायला गेलो, तर त्यांनी स्टीलचा डबा उघडून नातवाचे फोटो दाखवावेत तशा अळ्या दाखवल्या. "ही बघा, पांढरी पडली. ही खायची थांबलीय, पण जीव हाय अजून." दोरी तिथंच विसरून, चहा दोनदा पिऊन मी घरी आलो.

दोन्ही औषधं मिळून मारलेला मका सगळ्यात चांगला आला. काढणीला मुलगा गाडी घेऊन आला. रान फिरून बघताना त्याचा चेहरा खुलला. "बाबा, तुमचं तर इथं मस्त चाललंय. मी उगाच मागं लागलो होतो. आता नाही म्हणणार." त्यानं कणसं भाजून खाल्ली, थोडी पुण्याला घेतली आणि ऊन उतरायच्या आत निघालासुद्धा.

गाडी दिसेनाशी झाली. मी म्हणालो, "जिंकलात, साहेब."

ते मला घरात घेऊन गेले. खाटेशेजारी कुलूप लावलेली बॅग होती, वर घडी घातलेला स्वेटर.

"यंदा चला म्हणला असता तर जाणार होतो मी," ते म्हणाले.

"मग फोन करून सांगा ना त्याला."

त्यांनी स्वेटर उचलून खुंटीला अडकवला.

"आता कसं सांगू, सर? मका लय चांगला आलाय."