गोल ठराव

घरापुरता बांबू तोडायला गावाला बंदी, आणि ठेकेदाराचे ट्रक मात्र भरभरून चाललेले. याविरुद्धचा ठराव घ्यायला मी संघटनेतर्फे धानोऱ्याच्या पुढच्या त्या गावात गेले होते. ठराव ज्यांच्या हाती द्यायचा ते जंगलखात्याचे साहेब गडचिरोलीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच भेटणार होते. म्हणजे गावातून दिवसाला एकच सुटणारी दुपारची एसटी गाठायलाच हवी होती.

ज्यांच्याकडे उतरले त्यांची सहा वर्षांची पोर अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. माझ्या पत्रकावरच्या मुकुटाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?"

"राजाची टोपी. राजा म्हणजे कोणाला न विचारता हुकूम सोडणारा. आता राजे गेले."

"नाकेदार राजा हाय?"

"नाही गं. जंगलखात्याचा नोकर तो. आपलाच नोकर."

"मग बाबा त्याले कोंबडी काऊन देते?"

यावर आमच्या पत्रकात काही नव्हतं. मी घाईनं लोकशाहीवर आले. हात वर करायचे, जास्त हात तिकडे निकाल.

"अन् कमी हातवाले?"

"त्यांनी ऐकायचं."

"काऊन? आमच्या इथी तर सगळ्यायचं जमेपर्यंत बसतेत."

पोरीचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं.

मोहाच्या झाडाखाली गाव बसलं. सगळे तयार, एक म्हातारी तेवढी नाही म्हणे. कारणही सांगेना. एसटीची वेळ झाली तशी मी उठले. "हात वर करा, मोजून टाकू." कोणीच हात वर केला नाही. पोर बापाच्या मांडीवरून म्हणाली, "बाई, तू राजा हायस का?"

लोक हसले. मी चिडले होते, पण खाली बसले. एसटी गेली.

दिवस कलताना म्हातारी बोलली. "पयला अंगठा ज्याचा, त्यालेच नाकेदार धरते. मागच्या खेपेले माह्या पोराले धरलं."

एवढंच होतं तर. पोरीच्या बापानं घरातून तांब्या आणवला, कागदावर उपडा ठेवला, कोळशानं भोवती रेघ ओढली. त्या गोलावर अंगठे उठले. म्हातारीचाही. पहिला कोणता ते आता मलाही सांगता आलं नसतं.

पहाटे पोरीच्या बापानं मला सायकलवर डबलसीट काढलं. दुपारच्या आत पोचलो. साहेबांनी कागद फिरवून फिरवून पाहिला.

"यातला मुख्य कोण?"

"शोधा," मी म्हटलं.