बेडकाच्या गाण्याचा जाड आवाज

आमच्या भाऊजींनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूतून एक स्क्रू उरतो. पंखा असो, मिक्सर असो, इस्त्री असो. झाकण बसलं की टेबलावर एक स्क्रू बेवारशासारखा पडलेला असतो. गिऱ्हाईक विचारतं, "हा कुठला?" भाऊजी म्हणतात, "कंपनीनं जास्तीचा दिलाय. चालतंय ना? मग झालं." आणि वस्तू खरंच चालते, हीच पंचाईत. चालली नसती, तर माणूस सुधारला असता.

माझ्या थोरल्या बहिणीनं या माणसाशी संसार केला. तोही तसाच चालला. एखादा स्क्रू कमी, पण फारशी खडखड नाही.

आता ताईला काही आठवत नाही. आधी नावं गेली, मग माणसं, मग बोलणंच गेलं. मला तिनं शेवटचं ओळखलं ते गॅसवाला म्हणून. तेसुद्धा आम्ही हसण्यावारी नेलं. पण अलीकडे तिनं तोंड उघडायचं सोडलं. घास ओठांशी नेला की दात घट्ट. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "चार दिवस बघू. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल." जन्मभर नळ्या आणि वायरी जोडणारे भाऊजी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, ते उठेचनात.

तिचं म्हणून एकच उरलं होतं. खिडकीशी बसून ती गुणगुणायची. त्याला चाल म्हणता आलं नसतं. घशातल्या घशात दुम-दुम, दुम-दुदुम, कुणीतरी जिना चढतंय-उतरतंय तसं. सोबत दोन्ही अंगठे मांडीवर हलायचे. दवाखान्यातून घरी आल्यावर ते बघून मी म्हणालो, "थरथर असेल."

"छे हो मेहुणे!" भाऊजी ताडकन उठले. "उड्या मारतीये ती. बेडूक!"

मग मलाही आठवलं. लग्नानंतर भाऊजींनी भंगारातून टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन आणून दुरुस्त केलं होतं. त्यात एकच खेळ: छत्रीवाला बेडूक गच्च्यांवरून उड्या मारत जातो. ताईला त्याचं असं वेड लागलं की जेवायलाही हात मोकळे नसायचे. मग भाऊजी शेजारी बसून भरवायचे आणि ती पडद्यावरची नजर न काढता 'आ' करायची. तिच्या सासूबाई म्हणायच्या, "बाळाला भरवायची वेळ यायची होती, आधी बायकोलाच भरवतोय!"

मशीन केव्हाच परत भंगारात गेलं. पण खेळाचं संगीत मला नेटवर मिळालं. एकाच इवल्याशा फाइलमध्ये सगळी गाणी कोंबलेली, नावं नाहीत, नुसते आकडे. ती सुटी करायचं काम माझ्याकडं आलं. एक आकडा लावायचा, ऐकायचा, वेगळा रेकॉर्ड करायचा आणि मोबाइल घेऊन ताईकडं पळायचं. पहिला निघाला तो बेडूक मेल्याचा आवाज. मग दार उघडल्याचा. मग एकदाचं गच्चीवरचं गाणं सापडलं. खालून तेच दुम-दुम, हेच ते! भाऊजी मऊ भाताची वाटी घेऊन समोर बसले, मी गाणं लावलं. शेजाऱ्यांचा भोंगा ऐकावा तसं ताईनं तोंड फिरवलं.

मग जिंकल्याचं लावलं. हरल्याचं लावलं. राक्षसाचं लावलं. दात घट्ट.

एरवी मला अहोजाहो करणारे भाऊजी त्या दुपारी एकेरीवर आले. "तुला साधं एक गाणं काढता येत नाही?"

"सगळी काढली! आता काय बेडकाच्या पोटातलं काढू?"

वाटीतल्या भातावर पापुद्रा धरला होता. दाराशी दवाखान्याची पिशवी भरून ठेवलेली होती. सकाळी निघायचं होतं. पिशवीत ताईचा कंगवा पाहिला आणि माझ्याच्यानं तिकडं बघवेना.

"मेहुणे," भाऊजी पडक्या आवाजात म्हणाले, "ते गच्चीवालं लावा पुन्हा. मला ऐकू द्या. माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडंच होतं."

मी लावलं. ते ऐकत राहिले. "गोड आहे हो. आमच्याकडं एवढं गोड कधी वाजलंच नाही." आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. "पाय!"

"कुणाचा?"

"मशीनमधल्या चिपचा, म्हणजे पिन. आवाजाच्या दोन पायांपैकी एक तुटका होता. वरचे बारीक आवाज त्यातून यायचे. चित्र दिसलं, खालचं दुमदुम ऐकू आलं. म्हटलं, चालतंय ना? मग झालं. तिनं विचारलं होतं, 'गाणं एवढंच?' मी म्हणालो, 'स्वस्तातल्या खेळाला एवढंच असतं.'"

म्हणजे ताईनं ते गोड गाणं उभ्या आयुष्यात ऐकलंच नव्हतं. मी मूळ फाइलमधलं ते गाणं पुन्हा उघडलं. त्यातला प्रत्येक आवाज वेगळा बंद करता येतो. वरचे दोन्ही बारीक आवाज बंद करून मोबाइलवर घेतलं. उरलं दुम-दुम, दुम-दुदुम. खिडकीशी ताईचंही तेच चाललं होतं. दोन्ही दुमदुम एकाच पायरीवर येऊन भेटली.

भाऊजींनी नवा भात आणला. ताईची खुर्ची बंद टीव्हीसमोर सरकवली, मोबाइल टीव्हीपुढं ठेवला आणि ते तिच्या पुढ्यात बसले. अंगठे भराभर हलू लागले. पण तोंड मिटलेलंच. चमचा ओठांशी तसाच थांबलेला. ताईच्या कपाळावर आठी पडली.

"बाजूला व्हा की," ती म्हणाली. "दिसत नाहीये."

भाऊजी झटकन बाजूला झाले. पूर्वी बसायचे तसे तिच्या कडेला टेकले आणि पडद्याच्या आड येणार नाही अशा बेतानं चमचा पुढं केला. काळ्या काचेवरची नजर न हलवता ताईनं 'आ' केलं.

एक घास. दुसरा. गाणं शेवटाकडं आलं, तसे भाऊजी घाबऱ्याघुबऱ्या कुजबुजले, "मेहुणे, संपू देऊ नका हो! अजून अर्धी वाटी आहे."