पुरुषाचं माहेर

शेजारच्या काकू इथे नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नर्स होत्या. रिटायर झाल्या तरी बोलताना समोरच्याचं मनगट धरतात, आणि इथल्या बायकांसारखं सगळ्यांना लाडानं 'डक' म्हणतात. भारतात निघालेल्या कुणालाही, बाई असो की पुरुष, त्यांचा एकच प्रश्न असतो, "माहेरी किती दिवस?" मला ते कधी आवडलं नाही. पुरुषाला कसलं आलंय माहेर?

मागच्या महिन्यात, चार वर्षांनी, दहा दिवस पुण्याला जाऊन आलो. परतलो तेव्हा काकू दारातला कचऱ्याचा बिन आत ओढत होत्या. माझं मनगट धरून म्हणाल्या, "काय डक, झालं माहेरपण?"

बायकोलाही सांगितलं नव्हतं ते मी बोलून गेलो. "काकू, आईनं मला नवा टॉवेल काढून दिला. पाहुण्याला देतात तसा. माझ्याच घरात."

"अरे, नवा टॉवेल मिळतो तेच माहेर. कुठला टॉवेल कुणाचा हे पाठ असतं, ते सासर."

दहा दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. मी हसलो.

"आणि निघताना ओटी भरली का आईनं?"

"माझी कशी भरेल ती?"

काकू आत गेल्या आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आल्या. "पदर नाही तर जॅकेट पसर."

समोरचे गोरे गृहस्थ गाडी धुता धुता थांबून बघत होते. मी दोन्ही हातांनी जॅकेट पसरलं.