भाऊबीजेची कोर

मामा यंदाच्या उन्हाळ्यात गेला. दिवाळी आली तेव्हा घरात सगळे भाऊबीजेचा विषय टाळत होते. मामा देवरीचा. दर भाऊबीजेला बस बदलत बदलत तो कामठ्याला आईकडे यायचा, आणि तोवर आई उपाशी असायची. भाऊ जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा तिचा नेम. बसला उशीर झाला की भुकेने मी चिडायचो, ती नाही.

या वेळी मी गोंदियाचं दुकान बंद ठेवून सकाळीच तिच्याकडे गेलो. वांग्याची भाजी झाली होती, उडदाचे वडे तळून झाले होते, आणि ती कोरड्या तोंडाने बसली होती. बीपीची गोळीसुद्धा घेतली नव्हती.

"जेवून घे ना, आई."

"चांद ओवाळीन, मंग जेवीन."

ज्या बहिणीला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. अडचण तिच्या डोळ्यांची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन धान घरात आल्यावर करू म्हणून तिनेच पुढे ढकललेलं. बीजेची कोर म्हणजे कापलेल्या नखाएवढी. संध्याकाळी पश्चिमेला जेमतेम तासभर दिसते आणि मावळते. चांगल्या डोळ्यांनाही ती शोधावी लागते.

"मी बोट दाखवतो तिकडे ओवाळ," मी म्हणालो.

"दिसत नाही त्याले कशी ओवाळू? भाऊ समोर नाही बसला तं टिक्का कोनाले लावू?"

ह्यावर मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो की मी तुला चंद्र डोळ्यांपुढे आणून दाखवतो. सारस पक्षी कॅमेऱ्यात टिपायचा मला नाद आहे, त्यासाठी घेतलेली टेलीफोटो लेन्स गाडीत होती. सोबत टेलीकन्व्हर्टरही होता. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसवायचा हा बुटका तुकडा चित्र दुप्पट मोठं करतो. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर कोर पुरेशी मोठी दिसली, तर आईला ती जवळून नक्की दिसेल असा माझा हिशेब होता.

सूर्य टेकायच्या आतच मी स्लॅबवर ट्रायपॉड लावला. आईला हाताला धरून वर आणली, खुर्चीत बसवली. आरतीचं ताट मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

कन्व्हर्टर मी पहिल्यापासूनच लावून ठेवला होता, आणि तिथेच माझं चुकलं. चित्र दुप्पट होतं तसा दिसणारा आकाशाचा तुकडा चिमूटभर उरतो, उजेडही निम्म्याहून कमी होतो. सूर्य बुडाला त्या जागेच्या वर मी खालीवर, आडवंतिडवं शोधत राहिलो. पडद्यावर नुसता तांबूस गढूळपणा. त्यात पलीकडच्या खळ्यात थ्रेशर चालू. लवकर निघणाऱ्या हलक्या धानाचा भुसा उडून नेमका पश्चिमेला पसरत होता.

मी मुळात तापट माणूस. कठड्याला टेकून ओरडलो, "अरे, बंद कर ना ते!"

"काऊन?" खालून शेजारी तितक्याच जोरात ओरडला.

"आईले चांद ओवाळाचा हाये!"

तो क्षणभर वर बघत राहिला. मग त्याने मशीन बंद केलं. पण धूळ कुठे लगेच खाली बसते!

"दिसून राहिला का?" आईने विचारलं.

"थांब जरा."

"मले गरगरून राहिलं, बाबू."

तिच्या हातातलं ताट कलत होतं. मी ते खाली ठेवलं, तिला पाणी दिलं. मला खरोखर भीती वाटायला लागली होती. चंद्र हाती लागला नाही तर ती उद्यापर्यंत जेवणार नाही, हे मला माहीत होतं. आणि दाखवतो म्हणून आशा लावणारा मीच होतो.

शेवटी मी कन्व्हर्टर काढला. नुसत्या लेन्समध्ये आकाश मोकळं झालं. सूर्य बुडाल्या जागेच्या बऱ्याच डावीकडे, गिरणीच्या शेडवर, कोर उभी होती. एवढा वेळ मी भलतीकडेच शोधत होतो. ती बरोबर मध्यभागी आणली, ट्रायपॉड घट्ट आवळला आणि श्वास रोखून कन्व्हर्टर परत मधे बसवला. पडदा आधी काळा, मग धूसर, मग फोकसची कडी फिरवता फिरवता कोर उमटली. तिच्या पोटातला अंधारा गोलही अंधुक दिसत होता. पण ती स्थिर राहीना. एवढ्या जवळून पाहिलं की चंद्र पळताना दिसतो. मी ट्रायपॉडची मान हळूहळू वळवत ती धरून ठेवली.

"ये. लवकर."

आईने पडद्याला नाक लावलं. मी मोकळ्या हाताने ताट उचलून तिच्या हातात दिलं. मग तिने बोट कुंकवात बुडवलं आणि सरळ पडद्यावर टेकवलं. वर अक्षता लावल्या.

"आई! अगं, कॅमेरा आहे तो!"

"मंग? टिक्का नाही लावू?"

मी एका हाताने ट्रायपॉडची मान वळवत राहिलो, आणि तिने कुंकवाच्या डागामागे दिसणाऱ्या कोरेला सावकाश ओवाळलं. ती ओवाळत असतानाच कोर धुळीत लाल झाली आणि शेडमागे गेली.

खाली आल्यावर मला एकदम हलकं वाटलं. मी तिचं ताट वाढलं. तिने वड्याचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि हात तसाच थांबला.

"तो तं जेवलाच नाही, बाबू."

माझं डोकंच फिरलं. चंद्र कसा जेवेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा हात ताटावर तसाच होता, आणि चेहरा हरवलेला. मी ताट माझ्याकडे ओढलं आणि पहिला घास घेतला. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. घास गिळला तरी बघतच होती. ती कशाची वाट बघते आहे ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. पहिला घास पोटात गेला की मामा दरवर्षी न चुकता आईला 'बाई' म्हणून हाक मारत भाजीत काहीतरी खोड काढायचा.

भाजी छान झाली होती.

"मीठ कमी पडलं, बाई," मी म्हणालो.

"तं जाय देवरीले, बायकोच्या हातचं खा!" आई फटकन म्हणाली. म्हणाली आणि रडायला लागली. रडत रडतच तिने ताट आपल्याकडे ओढलं आणि जेवली.