नागपूर जवळ आलं तेव्हा

आजी वारली ती भर उन्हाळ्यात, लासूर स्टेशनच्या घरी. आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, नागपूरला दिलेली. निरोप मिळताच ती निघाली. पण तेव्हा नागपूरहून यायचं म्हणजे एस.टी.त अख्खा दिवस जायचा. भावकीतले म्हणाले, एवढ्या उन्हात ठेवता येणार नाही. आईनं होकारार्थी मान हलवली. संध्याकाळी मावशी दारात आली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती घरात पाऊल न टाकता, पाणीही न घेता आल्या पावली परत गेली. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत.

मी वाळूजला नोकरीला लागलो, उस्मानपुऱ्यात घर केलं, आईला घेऊन आलो. मावशीचा विषय काढला की आई म्हणायची, "लई लांब हाय रे. एवढं बसवत नाय मला." पुढं समृद्धी महामार्ग झाला, तरी तिच्यासाठी नागपूर लांबच राहिलं.

गेल्या वर्षी मावसभावाचा फोन आला. मावशी न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आई मेथी निवडत बसली होती. मी मोबाइलवर बघून म्हणालो, "आई, चिकलठाण्याहून विमान आहे. तासाभरात नागपूर."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "काढ तिकीट."

विमानात तिला खिडकी दिली. तिनं बाहेर फारसं पाहिलंच नाही. पदर बोटाला गुंडाळत होती, ओठ हलत होते. उतरायची सूचना झाली तशी दचकली.

"एवढ्यात? अजून काय बोलायचं ते ठरलंच नाय माझं."

अंतर कमी झालं की सोयच होते, असं मी तोवर धरून चाललो होतो.

मावशी पलंगावर पडून होती. खूप वाळलेली. आईला बघून तिनं विचारलं, "कधी निघालीस?"

"जेवण करून."

"आजच?"

"व्हय."

मावशी भिंतीकडं बघत म्हणाली, "इतकं जवळ झालंय."

"तवा नव्हतं गं."

"तवा दोन तास थांबता आलं असतं."

मावसभाऊ माझ्याकडं बघायला लागला. मला वाटलं, आई आता उन्हाचं सांगेल, भावकीचं सांगेल. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"व्हय," ती म्हणाली. "थांबता आलं असतं. मी बोलायला पायजे होतं."

मावशी रडली नाही. तिनं हात पुढं केला, आईच्या बांगड्या चाचपल्या आणि म्हणाली, "किती सैल झाल्यात."

दोन दिवसांनी मी एकटाच परत फिरलो. आई म्हणाली होती, ती चालायला लागली की येते. मावशी आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते. सोबत आई असते.