चिंधी बांधलेला कॅन

लग्न होऊन मी सासरी आले, तेव्हा आमच्या गावात दुधाची सोसायटी नवीनच निघाली होती. दुष्काळात खडी फोडून जगलेलं गाव दोन बऱ्या पावसाळ्यांनंतर जरा माणसात आलं होतं, आणि ज्याच्या दारात म्हैस तो स्वतःला ढोकीच्या साखर कारखान्याचा मालक समजत होता. आमच्याही दारात एक म्हैस होती. दुष्काळात गुरांच्या छावणीत तिच्याशेजारी झोपून सासूबाईंनी ती जगवली होती, त्यामुळं घरात सुनेपेक्षा तिचा मान मोठा. मला त्याचं वाईट वाटत नसे. दूध तीच देत होती.

मामंजी शाळेत मास्तर होते आणि रविवारी आमच्या गावाबाहेरच्या वस्तीतल्या छोट्या चर्चमध्ये उपदेश करायचे. ख्रिस्ती घरं आमची मोजकीच, बाकी सगळी वस्ती बौद्धांची. सोसायटीनं सगळ्यांना सभासद करून घेतलं होतं. पण दूध घालायला गेलं की वस्तीचं दूध वेगळ्या कॅनात. चुकून मिसळायला नको म्हणून त्या कॅनाच्या कडीला लाल चिंधी बांधलेली. हा हुकूम चेअरमनच्या आईचा. गाव त्यांना थोरल्या आई म्हणे, आणि चेअरमन बाहेर कितीही गुरगुरला तरी घरात त्यांच्यापुढं मांजर होता.

गावाचे कॅन काठोकाठ भरत. चिंधीचा कॅन अर्धाच भरे, टेम्पोत खड्ड्याखड्ड्याला हिंदकळे, आणि तालुक्याच्या दूध केंद्रावर पोचेपर्यंत वर लोण्याचे गोळे तरंगत. उन्हाळ्यात तर आंबूनही जाई. मग दूध परत, आणि वर ऐकून घ्यायचं की वस्तीचं दूधच खराब.

माझं डोकं पहिल्यापासून तापट. मी म्हटलं, जाऊन चांगलं सुनवू या. मामंजींनी त्या रविवारी मुद्दाम दुसऱ्या गालाचा उपदेश केला आणि बोलताना माझ्याकडं बघत राहिले. घरी आल्यावर सासूबाई भाकरी थापता थापता त्यांना म्हणाल्या, "दुसरा गाल म्होरं करायचा म्हंजी तितंच हुबं ऱ्हायाचं. घरी जाऊन बसा, आसं कुटं सांगितलंय?" मामंजींनी कालवण मागितलं.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई आणि शेजारची बौद्ध बाई गावाच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. शेजारणीचा नवरा ढोकीला कारखान्यात कामाला, घर आणि म्हैस हिच्या एकटीवर, आणि जीभ विळ्यासारखी. पण दोघींचं ठरलं होतं, भांडायचं नाही. सेक्रेटरी म्हणे, तिकडं घाला. या म्हणत, इथंच घालणार. तो म्हणे, जमणार नाही. या म्हणत, बरं, उद्या येतो. आणि जाताना सासूबाई त्याच्या पोराच्या खोकल्याची चौकशी करत, अडुळशाचा काढा सांगत. भांडायला आलेल्या बाईला हाकलता येतं. काढा सांगणाऱ्या बाईचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रांगेतून परत आणलेल्या दुधाचा आमच्या अंगणात खवा होऊ लागला. हळूहळू आणखी दोन घरं येऊन मिळाली. ते दिवस आठवले की अजून नाकाला तो वास येतो. एका मोठ्या कढईत चार घरांचं दूध, भोवती बायका, उलथनं हातोहात फिरतंय, एक जण ओवी म्हणतेय, दुसरी सेक्रेटरीची नक्कल करतेय, आणि पोरं खरवड कुणाला मिळणार म्हणून टपलेली. मी माहेरी मिशनच्या आवारात शिस्तीत वाढलेली; इतकं मोठ्यानं हसायला मी त्या अंगणात शिकले. ढोकीच्या बाजारात खवा हातोहात खपे. गावातल्या मोठ्या घरांतूनही मागणी येई, पण मागच्या दारानं. त्यांची गडीमाणसं अंधार पडल्यावर येत आणि खवा पदराखाली, धोतराच्या सोग्याखाली झाकून नेत.

पण खव्याला जळण लागतं. तुराट्या संपत आल्या, रानात काडी उरली नाही. आणखी महिनाभरात शेजारणीला म्हैस विकावी लागणार हे आम्हाला दिसत होतं. वस्तीतल्या काही घरांना तर एक दिवसही दूध ठेवणं परवडत नव्हतं. ती बिचारी चिंधीच्या कॅनात घालतच होती.

अशात चेअरमनचा माणूस निरोप घेऊन आला. मास्तरांच्या घरची माणसं स्वच्छ, प्रार्थना करणारी. त्यांचं दूध गावाच्या कॅनात चालेल. मामंजींचा चेहरा उजळला. माझाही उजळला असणार. सासूबाईंनी कढईजवळ बसलेल्या शेजारणीकडं बोट करून विचारलं, "आन् हिचं?"

तेवढा निरोप त्याच्याकडं नव्हता.

"मेंढपाळ एकच मेंढरू आत घिऊन दार लावत न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "चेरमनला सांगा, आलो तर समद्याच यिऊ."

शेजारीण म्हणाली, तू जा की, मी काय रुसणार आहे होय. मग धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून तिनं पदर लावला. त्या दिवशी धूर फारसा नव्हता. मामंजी हसून मला म्हणाले, की उपदेश ते करतात खरे, पण मजकूर हिच्याकडं असतो.

आपलं दूध नेमकं कुठं बिघडतं ते डोळ्यांनी बघायचं म्हणून सासूबाई एका सकाळी टेम्पोत बसल्या. मी सोबतीला. केंद्रावर गेल्यावर बघतो तर काय, सगळ्या गावांचे कॅन एकाच टाकीत रिकामे होत होते. परत यायचं तेवढे दिवस सोडले तर आमचंही दूध त्यातच. मग रिकामे कॅन गरम पाण्यानं धुऊन एकीकडं रचत. आमच्या टेम्पोवाल्यानं ढिगातून हाताला येतील ते कॅन उचलले, खिशातून लाल चिंधी काढली आणि जवळ होता त्याच्या कडीला बांधली.

सासूबाईंनी विचारलं, रोज असंच करतोस का? तो म्हणाला, "व्हय की. कॅनाला काय जात आसती व्हय, मावशी?"

परतताना रिकाम्या कॅनांच्या खडखडाटात आम्ही सासू-सुना पोट धरून हसलो. इतके दिवस सगळं गाव एका चिंधीवर सोवळं होतं. मी म्हटलं, उद्याच चावडीवर सांगते, बघू दे सगळ्यांची तोंडं. सासूबाई हसायच्या थांबल्या. चावडीवर नाही, म्हणाल्या. आणि तशाच थोरल्या आईंच्या परसात जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला तिथपर्यंतच येता यायचं.

थोरल्या आई तूर पाखडत होत्या. सासूबाईंनी पाहिलं तसं सांगितलं, तिखटमीठ न लावता. सूप थांबलं.

"कवापासनं हाय ह्ये?"

"पैल्या दिसापासनं."

"गावात बोललीस?"

"न्हाय."

"का गं?"

"गाव हसलं आसतं. मग तुमच्या ल्योकानं लाजंपायी दोन चिंध्या बांधल्या आसत्या. आन् तुमास्नी हसून मला काय मिळणार व्हतं? मला दूध घालायचंय."

थोरल्या आईंनी पुन्हा सूप हातात घेतलं. आम्ही निघालो. वाटेत मी चिडचिड केली, की एवढं सांगून काय उपयोग झाला. सासूबाई म्हणाल्या, तूर निवडायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या आई हातात दुधाचा लोटा घेऊन सोसायटीत हजर. त्या कधी तिथं आल्या नव्हत्या. सेक्रेटरी उठून उभा राहिला. त्यांनी कॅनाची चिंधी सोडली, त्याच्या हातात दिली आणि सासूबाईंना म्हणाल्या, "मास्तरीण, वत."

सासूबाई बाजूला सरल्या आणि शेजारणीला पुढं केलं. थोरल्या आई शेजारणीकडं बघत राहिल्या, आणि तीही नजर खाली न घालता त्यांच्याकडं. मग थोरल्या आई एक पाऊल मागं सरल्या. शेजारणीनं ओतलं. त्यावर थोरल्या आईंनी आपला लोटा रिता केला, आणि सेक्रेटरीला सांगितलं की कॅन भरून पाठवत जा, अर्धा राहिला की दूध हिंदकळतं. जसं काही सगळा प्रश्न तेवढाच होता.

मी रडले, हसले, दोन्ही केलं. चिंधी सासूबाईंनी मागून घेतली. कढई उतरवायला फडकं चांगलं झालं.

संध्याकाळी थोरल्या आईंचा निरोप आला. खवा शिल्लक असला तर ताटभर पाठवा. मागच्या दारानं नको, आणि झाकून नको.

ताट मी नेलं. भर गावातून, दोन्ही हातांवर, पुढच्या दारापर्यंत. वाटेत माशा बसत होत्या, शेजारीण मागून पदरानं वारा घालत येत होती, पण झाकलं नाही.